पाठीवर बिऱ्हाड : पाट्या वाचता येणारा परदेश

दोस्तांनो, दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या बाजूची पत्रं उघडली की त्यांत एक प्रश्न हमखास सापडतो. परदेश म्हणजे विमान, विमान म्हणजे पैसे आणि पैसे म्हणजे कापूस विकला गेल्यावर बघू! मग हे सदर आम्ही 'काहून' वाचावं? हा 'काहून' मला फार आवडतो. 'का' म्हटलं की प्रश्न होतो, 'काहून' म्हटलं की जाब होतो.

तर आज जाबाला जवाब. आज विमान बंद. पासपोर्टही जरा बाजूला ठेवू. आज आपण दारव्ह्याच्या बसस्थानकावर एसटीत बसू आणि तिसऱ्या दिवशी परदेशात पोहोचू. आणि परदेशात शिरताना कशात बसलेले असू, माहीत आहे? कशातच नाही. चालत जाऊ! पाठीवर तुमचंच शाळेचं दप्तर, एका हाताला धाकटी बहीण, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

खरं तर दारव्ह्याला परदेश काही नवा नाही. तुमच्या आजोबांना 'शकुंतला'बद्दल विचारा. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ती छोटी रेल्वे, जिचं दारव्हा मोतीबाग हे मधलं मोठं स्टेशन. ती गाडी इंग्रजांच्या काळात घातली ती मुख्यतः वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला. इथला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या रेल्वेवर चढायचा, तिथून मुंबई बंदर आणि पुढे बोटीने विलायत. तिला ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचं, १९२१ साली बनलेलं. १९९४ च्या एप्रिलमध्ये ते निवृत्त झालं आणि डिझेलचं इंजिन आलं. आता तर ती गाडीच बंद आहे. पण गंमत बघा, दारव्ह्याचा कापूस शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रापार गेला आणि त्याला कोणी पासपोर्ट विचारला नाही!

लेकरू सोबत घेऊन, पैशाला पैसा जोडून परदेशी जाणंही आपल्याकडे जुनंच आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. रमाबाई विधवा होत्या, मागे धनवान माहेर नव्हतं. 'स्त्रीधर्मनीति' हे स्वतःचं पुस्तक विकून त्यांनी बोटीच्या भाड्याची तजवीज केली. तेव्हा 'आपल्यासारख्यांचं ते काम नाही' असं घरात कोणी म्हणालं तर हे नाव सांगा.

आता जायचं कुठे? भारतीय माणसाला पासपोर्टशिवाय जाता येतं असे दोन शेजारी देश आहेत, भूतान आणि नेपाळ. भूतान सुंदर आहे, पण आपल्या खिशाला परवडणारा नाही. तिथे भारतीय प्रवाशाला २०२२ पासून माणशी एका रात्रीचे १,२०० रुपये सरकारला द्यावे लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मे. म्हणजे आई, बाबा, चौदा वर्षांची ताई आणि दहा वर्षांचे तुम्ही असे चौघे गेलात, तर खोली आणि जेवण धरायच्या आधीच रात्रीचे ४,२०० रुपये झाले. हिशेब करून बघा. (१,२०० गुणिले ३, अधिक ६००.) राहू दे.

नेपाळला असा रात्रीचा कर नाही आणि व्हिसाही नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. त्यामुळे दोन्ही देशांच्या लोकांना एकमेकांकडे मोकळेपणाने जाता येतं. आपला रस्ता ठरला.

आता हा परिच्छेद आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण इथे पुष्कळ जण अडकतात. 'आधार कार्ड आहे ना, झालं तर!' असं समजून लोक निघतात. तसं नाही. नेपाळला जाताना मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा निवडणुकीचं ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीपुढच्या आजीआजोबांना. हे भारत सरकारनं २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं. मग पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचं काय? त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. म्हणजे नववी-दहावीतल्या ताईदादांनो, परदेशी जायची तुमची चावी मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे! सगळं कुटुंब एकत्र जात असेल तर एका मोठ्या माणसाजवळ पक्कं ओळखपत्र हवं आणि बाकीच्यांजवळ फोटो आणि नातं दाखवणारं काहीतरी हवं. रेशन कार्ड, शाळेचं ओळखपत्र असं. विमानतळावर हे फार काटेकोर बघतात. पायी जाताना कधी विचारतात, कधी नाही. पण 'कधी नाही'च्या भरवशावर घर सोडू नये. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, एक आईच्या पिशवीत आणि एक तुमच्या दप्तरात. निघण्यापूर्वी नियम बदललेत का, तेही एकदा बघून घ्या.

दप्तर म्हटलं म्हणून सांगतो. नवी सॅक मागू नका. तुमच्या दप्तरातून पुस्तकं बाहेर काढली की तीच सॅक! वजनाचा नियमही शाळेचाच लावा, शरीराच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त नाही. तुम्ही पस्तीस किलोचे असाल तर साडेतीन किलो. त्यात दोन कपड्यांचे जोड, एक स्वेटर, टॉवेल, ताट आणि पेला, बाटली, कपडे वाळत घालायला सुतळीचा तुकडा, एक शिट्टी आणि एक वही. शिट्टी गर्दीत चुकलात तर वाजवायला. वही हिशेबाला, तिचं काम पुढे येईलच. ज्याची पिशवी त्यानंच उचलायची, हा आपल्या सदराचा जुना नियम तुम्हाला पाठ आहेच. सामान भरण्याच्या आदल्या दिवशी दप्तर पाठीला लावून बसस्थानकापर्यंत एकदा चालून या. परत येईपर्यंत चार वस्तू आपोआप कमी होतील.

आता निघू. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं आहेच आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तर फुकट. म्हणजे आपल्या त्याच चौघांचं काय झालं? बाबांचं एक आणि बाकी तिघांचं अर्धं-अर्धं. चार माणसं, भाडं अडीच तिकिटांचं!

नागपूरहून दक्षिणेकडून येणारी गोरखपूरची गाडी घ्यायची, राप्तीसागर एक्स्प्रेस त्यांतलीच एक. स्लीपरचा डबा पुरे. प्रवास साधारण एक दिवस आणि एक रात्र. आरक्षण गाडीच्या साठ दिवस आधी उघडतं, तारीख वहीत लिहून ठेवा. रेल्वेत बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धं तिकीट मिळतं, पण वेगळा बर्थ नको असेल तरच. बर्थ हवा तर पूर्ण भाडं, हे २०१६ पासून. इथे बाबा म्हणतील, 'एका रात्रीचं तर आहे, झोपेल माझ्याजवळ.' चार-पाच वर्षांचं पिल्लू असेल तर ठीक. पण दहा वर्षांच्या मुलाला बर्थ घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. काटकसर जेवणाच्या डब्यात करावी, झोपेत करू नये. रात्रभर अवघडलेलं मूल दुसऱ्या दिवशी बसमध्ये ओकतं आणि मग सगळ्यांच्याच प्रवासाचं वाटोळं होतं.

डब्यात काय? पहिल्या दिवसाला पोळ्या, दुसऱ्या दिवसाला दशम्या, त्यांच्यासोबत जवसाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि खारे दाणे. एवढ्यावर गोरखपूर येतं.

गोरखपूर स्टेशनाबाहेरून सोनौलीच्या बसगाड्या सुटतात. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, वेळ तीन तासांच्या आसपास. सोनौली हे भारताचं शेवटचं गाव. धूळ, ट्रकांची रांग, सायकलरिक्षा आणि हाका मारणारी माणसं. इथे कोणी म्हणेल, 'परमिट काढावं लागतं, मी काढून देतो.' पायी जाणाऱ्या भारतीय माणसाला परमिट लागत नाही. आपली गाडी घेऊन जाणाऱ्यांना लागतं. हसून 'नको' म्हणा आणि चालू लागा. काही विचारायचंच असेल तर गणवेशातल्या माणसाला, खिडकीवर जाऊन विचारा.

समोर एक मोठी कमान दिसते. कमानीच्या अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. भूगोलाच्या नकाशात जी तुटक रेघ तुम्ही पेन्सिलीने काढता ना, ती इथे तुमच्या चपलेखाली असते आणि दिसत मात्र नाही! रेघेच्या दोन्ही बाजूंना चहाची टपरी सारखीच, कुत्री तर मुळीच रेघ मानत नाहीत.

आणि इथेच एक गंभीर गोष्ट. सीमेवर एखादी ताई किंवा पोलिसदादा तुम्हाला थांबवून विचारतील, 'नाव काय? हे कोण तुझे? कुठे चाललात?' घाबरू नका आणि आईबाबांनीही रागावू नये. उघड्या सीमेचा फायदा वाईट माणसंही घेतात. नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून मुलींना आणि मुलांना फसवून पलीकडे नेतात. ते थांबवायला 'माइती नेपाल' ही संस्था १९९३ पासून काम करते आहे. तिची माणसं सीमेवरच्या नाक्यांवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलामुलींची विचारपूस करतात. 'माइती' म्हणजे माहेर. तेव्हा सरळ आणि खरं उत्तर द्या. मामा-मावशीसोबत जात असाल, आईबाबा बरोबर नसतील, तर त्यांच्या सहीची चिठ्ठी आणि फोन नंबर जवळ ठेवाच. दुसरी गोष्ट पाठ करून ठेवायची. मुलांच्या मदतीचा फोन नंबर भारतात १०९८ आहे आणि नेपाळमध्येही १०९८ आहे. दोन देश, दोन सरकारं, पण मुलांनी अडचणीत फिरवायचा आकडा एकच.

पलीकडे गेलात? आता घड्याळ काढा आणि पंधरा मिनिटं पुढे करा. हो, पंधराच! आपली वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, नेपाळची सव्वाशहाऐंशी अंशाची. फरक पावणेचार अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. चार गुणिले पावणेचार किती? पंधरा! आठवीच्या भूगोलातलं गणित मनगटावर उतरलं की नाही?

कॅलेंडर तर त्याहून पुढे. नेपाळात सरकारी व्यवहार विक्रम संवताने चालतो, आणि त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्यात बदलतं. तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंत आपल्या सालात ५७ मिळवायचे. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या बसच्या तिकिटावर २०८२ छापलेलं होतं. तिकीट बघून 'आपण भविष्यात आलो' असं धाकट्या भावाला सांगायला हरकत नाही. सुट्टीचा वार शनिवार. शनिवारी बँकेत जायचं ठरवून बसाल तर दार बंद मिळेल.

आता पैसे. नेपाळचा रुपया आपल्या रुपयाला बांधलेला आहे. १९९३ पासून आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, यात बदल नाही. त्यामुळे तुमच्यासारख्या हिशेबनिसाचं काम सोपं. नेपाळी किमतीला आठाने भागा आणि पाचाने गुणा. समजा दालभाताची थाळी ३२० ला आहे. आठाने भागून ४०, पाचाने गुणून २००. झाले आपले रुपये! पण किंमत विचारताना एक शब्द विसरायचा नाही. 'आयसी की एनसी?' आयसी म्हणजे भारतीय पैसे, एनसी म्हणजे नेपाळी. सीमेजवळ दोन्ही चालतात, आणि दुकानदाराने ३२० म्हटलं ते कोणत्या रुपयांत, यावर आपल्या एकशेवीस रुपयांचा फरक पडतो. म्हणून वहीत दोन रकाने आखा, एक आयसी, एक एनसी. रोज रात्री झोपण्यापूर्वी बेरीज. हे काम घरातल्या सगळ्यांत लहान लिहित्या-वाचत्या माणसाकडे द्यावं, असं मी पालकांना मुद्दाम सुचवतो. ज्याच्या हातात वही असते तो तिसरं आइस्क्रीम मागत नाही.

नोटा शंभरच्या न्या. त्याहून मोठ्या भारतीय नोटांवर तिथे बरीच वर्षं बंदी होती आणि त्याबद्दलचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी चौकशी करा. २०२४ पासून आपल्या फोनमधलं यूपीआय तिथल्या पुष्कळ दुकानांतल्या क्यूआर कोडवर चालतं. पण आपलं सिम तिथे रोमिंगशिवाय मुकं होतं, तेव्हा सगळी मदार फोनवर नको.

आता ज्यासाठी मी एवढा नेपाळच्या बाजूने बोलतो आहे, ते ऐका. मुंबईचा मुलगा सिंगापूरला गेला तर तिथल्या पाट्या इंग्रजीत वाचतो. बँकॉकला गेला तर नुसता बघत बसतो. पण दारव्ह्याच्या जिल्हा परिषद शाळेत ज्याने 'क' गिरवला, तो नेपाळमध्ये पाऊल टाकल्याबरोबर सगळी पाटी न पाटी वाचतो! कारण नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. आपलीच लिपी, आपलेच काना-मात्रा. कित्येक गाड्यांच्या नंबरप्लेटवरचे आकडेसुद्धा १, २, ३ असे. परदेशात आईबाबांना रस्ता दाखवायचं काम तुम्ही करू शकता, आणि त्यासाठी इंग्रजी शाळेत जावं लागत नाही.

वाचता येतं, पण अर्थ लागतो का? इथेच खरी मजा आहे. 'पसल' म्हणजे दुकान. 'किराना पसल' लगेच कळेल. 'प्रहरी' म्हणजे पोलीस, पहारेकरी आठवा. 'बस बिसौनी' म्हणजे बसथांबा. 'बाटो' म्हणजे रस्ता, आपल्या 'वाटे'चाच भाऊ. 'कति' म्हणजे किती, हे तर कोणी सांगायलाच नको. 'चिया' म्हणजे चहा. 'आमा' म्हणजे आई, 'दाइ' म्हणजे दादा आणि 'दिदी' म्हणजे ताई. दुकानदारीण कितीही मोठी असली तरी तिला 'दिदी' म्हटलं की ती हसून बोलते.

पण काही शब्द फसवे. 'खाजा घर' अशी पाटी दिसली की तोंडाला पाणी सुटेल. आत गेल्यावर पापुद्र्याचा गोड खाजा मिळेलच असं नाही. 'खाजा' म्हणजे मधल्या वेळचं खाणं. जेवणाऱ्याने 'मीठो छ' म्हटलं तर मीठ जास्त झालं असं समजू नका. 'मीठो' म्हणजे चविष्ट! आणि 'प्रवेश निषेध' लिहिलेल्या दारावर कोणी मोर्चा आणलेला नाही. आपण 'निषेध' कोणाचा तरी करतो, तिथे 'निषेध' म्हणजे मनाई. 'पाटी' हा शब्द तर कमाल आहे. नेपाळीत 'पाटी' म्हणजे वाटसरूंनी टेकायला बांधलेली धर्मशाळेसारखी ओसरी. आपल्या पाटीवर लिहायचं, त्यांच्या पाटीवर बसायचं! वहीच्या मागच्या पानांवर असे शब्द जमवत जा. दहा दिवसांत शंभर होतील, पैज.

सीमेवरून जवळच भैरहवा हे शहर आहे, आणि तिथून बावीस-तेवीस किलोमीटरवर लुंबिनी. गौतम बुद्धांचं जन्मस्थान. आपल्या विदर्भातल्या मंडळींना ही वाट नवी नाही. नागपूर, अमरावती, यवतमाळ या भागांतली बौद्ध कुटुंबं मुलाबाळांसकट सारनाथ, बोधगया, कुशीनगर करत लुंबिनीला जातात. सोबत शेगडी, डाळ-तांदूळ, चटण्यांच्या बरण्या. कमी पैशांत मुलांना घेऊन परदेश कसा करावा, हे आपल्याकडे खरं कोणाला विचारायचं असेल तर या मंडळींना विचारा. मासिकवाल्यांना नको! तुमच्या वस्तीत, वर्गात असं जाऊन आलेलं घर नक्की असेल. त्यांच्याकडे मुक्कामाचे पत्ते असतात, कुठे पाणी चांगलं ते ठाऊक असतं आणि सांगायला ते आनंदाने तयार असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभरातच नेपाळला गेले होते, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला. त्या वेळी त्यांची प्रकृती चांगली नव्हती. तरी गेले.

लुंबिनीत एक दगडी खांब बघायला विसरू नका. सम्राट अशोकाचा. १८९६ साली त्यावरचा लेख उजेडात आला. लिपी ब्राह्मी, म्हणजे आपल्या देवनागरीची पणजी. मजकूर अगदी थोडा, पाच ओळींचा. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाली तेव्हा राजा स्वतः इथे आला, इथे बुद्धांचा जन्म झाला म्हणून त्याने वंदन केलं, खांब उभारला, आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून पिकाचा फक्त आठवा हिस्सा द्यावा असं ठरवलं. विचार करा, शेतकऱ्याच्या घरच्या मुलांनो! एवढा मोठा राजा परगावी गेला आणि आठवण म्हणून गावाचा सारा कमी करून आला. सव्वादोन हजार वर्षं झाली, दगडाला अजून ते आठवतं आहे. खांबाजवळ मायादेवीचं मंदिर आहे, तिथे बोलायचं ते हळू आवाजात.

लुंबिनीच्या मोठ्या बागेत देशोदेशींनी बांधलेले विहार आहेत. थायलंड, म्यानमार, चीन, जर्मनी, श्रीलंका. एका दुपारी पायी दहा देश होतात! कोरियन विहारात वाटसरूंना साधी खोली आणि जेवण थोड्या पैशांत मिळतं, अशी त्याची जुनी ख्याती आहे. जेवणाची वेळ ठरलेली, ताट आपलं आपण धुवायचं. म्हणून घरी सराव करून जा!

जेवणाचं सगळीकडेच सोपं आहे. दाल, भात, तरकारी. डाळ आणि भात पुष्कळ ठिकाणी पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. बसण्यापूर्वी एवढं विचारून घ्या. वाढत्या वयाच्या दोन दादांना घेऊन फिरणाऱ्या बाबांना याहून मोठी बचत दुसरी नाही. पाणी मात्र उकळलेलं नाहीतर बाटलीबंद, आणि मीठ-साखरेच्या पुड्या आईच्या पिशवीत. तराईत, म्हणजे नेपाळच्या सपाट भागात, डास भरपूर. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा सदरा.

दोन मुक्काम लुंबिनीत झाले की पोखरा. बस डोंगरातून वळणं घेत दिवसभर जाते. पोटात ढवळणाऱ्यांनी खिडकी, ओवा आणि रिकामी पिशवी जवळ ठेवावी. पोखऱ्याला फेवा नावाचं तळं आहे, त्यात लाकडी होड्या. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, पोहता येत असलं तरी नाही. आभाळ स्वच्छ असेल तर पहाटे समोर माशाच्या शेपटीसारखं बर्फाचं शिखर दिसतं. त्याचं नाव माछापुच्छ्रे, उंची ६,९९३ मीटर. त्याच्यावर चढायला बंदी आहे. १९५७ साली एक ब्रिटिश तुकडी माथ्यापासून अगदी थोड्या अंतरावर थांबून परतली. पोखऱ्याला तीन दिवस रमा, आणि मग आल्या वाटेने परत फिरा.

'आणि काठमांडू? मुक्तिनाथ?' पुढच्या खेपेला! काठमांडूसाठी आणखी चार दिवस आणि बराच खर्च धरावा लागतो. मुक्तिनाथ तर जवळजवळ पावणेचार हजार मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, लहान मुलांना घाईघाईत एवढं उंच नेणं बरं नाही. मुलांसोबत दोन ठिकाणं नीट बघावीत. सहा ठिकाणी फोटो काढून आलेल्या मुलाला 'काय पाहिलंस?' विचारा, ते फोटोच दाखवतं.

कधी जायचं? पुस्तकं सांगतात ऑक्टोबर-नोव्हेंबर, आकाश निरभ्र असतं म्हणून. पण तेव्हा आपल्याकडे कापसाची वेचणी लागलेली असते. बाबा कसले येतात आणि आई कसली येते! तेव्हा आपलं एप्रिलअखेर ते मेचा मध्य. परीक्षा संपलेली असते, शेतात मोठं काम नसतं आणि विदर्भातल्या शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात. लुंबिनीत ऊन चांगलंच लागेल, पण आपल्या उन्हाळ्यात वाढलेल्या पोरांना त्याचं काय! जून लागला की मात्र जाऊ नका, डोंगरात दरडी कोसळतात. शिवाय निघण्याच्या आठवड्यात बातम्या बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे तरुणांच्या आंदोलनात सरकार पडलं, हिंसा झाली. अशा वेळी मुलांना घेऊन जाणं लांबणीवर टाकावं, तिकिटाचे पैसे बुडाले तरी.

एकूण दहा-अकरा दिवस धरा. खर्चाचा आकडा मी मुद्दाम छापत नाही, कारण भाडी बदलतात आणि तो तुम्हीच काढायचा आहे. हा या वेळचा उद्योग. वहीत चार भाग पाडा, गाडीभाडं, मुक्काम, जेवण आणि अडीअडचण. दारव्हा बसस्थानकावर जाऊन नागपूरपर्यंतचं भाडं विचारा, सवलती लावा. नागपूर-गोरखपूर स्लीपरचं भाडं काढा. जाऊन आलेल्या कुटुंबाकडून मुक्काम आणि जेवणाचा अंदाज घ्या. आलेल्या बेरजेत पाचवा हिस्सा अडीअडचणीचा म्हणून मिळवा. मग त्या आकड्याला बाराने भागा आणि महिन्याला किती बाजूला ठेवावे लागतील ते आईबाबांना दाखवा. ते लगेच 'हो' म्हणणार नाहीत. कागद फाडूही देऊ नका, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

हिशेब पोस्टकार्डावर मावेल एवढाच लिहून पाठवा. माणसं किती, वयं किती आणि बेरीज किती. नीट मांडलेले पाच हिशेब पुढच्या महिन्यात इथे छापू. पत्रावर पिन कोड लिहा, आणि अक्षर जरा मोठं काढा बरं का!